लघवीत पू, कल्चर निरंक: नागपुरातील एका आयव्हीपी (शिरेतून द्राव देऊन काढलेले मूत्रमार्गाचे एक्स-रे) तपासणीचे प्रकरण

कामठी येथे राहणारी, घरी शिवणकाम करणारी ३४ वर्षांची एक महिला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नागपुरातील धंतोली भागातल्या एका मूत्ररोग तज्ज्ञांकडे आली. लघवीला वारंवार जावे लागणे, लघवी करताना जळजळ होणे आणि उजव्या कुशीत अधूनमधून जडपणा जाणवणे, अशा तिच्या तक्रारी सुमारे दीड वर्षापासून चालू होत्या. ताप नव्हता, पण वजन थोडे उतरले होते, आणि त्याचे खापर घरच्यांनी उन्हाळ्यावर आणि कामाच्या ताणावर फोडले होते. “रात्री चार-पाचदा उठावं लागते जी, अन् गेलं तर थोडीशीच होते,” असे तिने सांगितले. या एका वाक्यात निदानाचा निम्मा भाग दडलेला होता, परंतु आधीच्या कागदपत्रांत त्याची नोंद केवळ ‘वारंवार लघवी’ एवढीच होती.

तिच्या पिशवीतील कागद तारखेप्रमाणे लावल्यावर एक सुसंगत चित्र समोर आले. लघवीच्या साध्या तपासणीचे चार अहवाल होते आणि चारही अहवालांत सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात ३० ते ४० पूपेशी, थोड्या लाल पेशी आणि आम्लधर्मी लघवी अशी जवळपास सारखीच नोंद होती. तीन वेळा केलेल्या लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) मात्र काहीही वाढले नव्हते. प्रत्येक वेळी मूत्रमार्गाचा संसर्ग असे निदान होऊन प्रतिजैविकांचा नवा कोर्स दिला गेला होता. त्यांत एकदा नायट्रोफ्युरँटॉइन, एकदा सिप्रोफ्लॉक्सासिन आणि दोनदा लेव्होफ्लॉक्सासिन होते. प्रत्येक कोर्सनंतर काही दिवस बरे वाटे आणि मग त्रास पुन्हा सुरू होई.

सोनोग्राफीचे तीन अहवाल होते. उजव्या मूत्रपिंडाला सौम्य ते मध्यम सूज आणि उजवी मूत्रवाहिनी खालपर्यंत फुगलेली, असे त्यांतील शेवटच्या दोन अहवालांत म्हटले होते. तिन्ही अहवालांच्या शेवटी मात्र एक वाक्य समान होते: मूत्राशय पुरेसे भरलेले नसल्यामुळे त्याचे परीक्षण मर्यादित आहे. सोनोग्राफीच्या अहवालात हे वाक्य इतके नेहमीचे असते की वाचणाऱ्याची नजर त्यावरून सहज पुढे सरकते. तिन्ही वेळा पाणी पिऊन, वाट पाहूनही मूत्राशय भरले नव्हते, याचा अर्थ ते भरूच शकत नसावे, हा तर्क या प्रकरणात सर्वांत आधी करता आला असता.

मुतखड्याच्या शंकेने सहा महिन्यांपूर्वी कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे चित्र उठावदार करणारा द्राव शिरेतून न देता, सीटी स्कॅन झाला होता. त्यात खडा नव्हता. ‘खडा नुकताच पडून गेला असण्याची शक्यता’ असा अभिप्राय होता आणि उजव्या मूत्रपिंडाच्या वरच्या भागात चुन्याचे दोन-तीन बारीक ठिपके असल्याची ओझरती नोंद होती. विदर्भात, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि घाम निघून लघवी घट्ट होते, तिथे कुशीत दुखणाऱ्या माणसाच्या बाबतीत खड्याचा विचार पहिल्यांदा होणे स्वाभाविक आहे. कॉन्ट्रास्टशिवायचा सीटी हा खडा शोधण्यासाठी आज सर्वोत्तम समजला जातो, कारण साध्या एक्स-रेवर न दिसणारे युरिक ॲसिडचे खडेही त्यात दिसतात. परंतु त्याला विचारलेला प्रश्न खड्याचा होता आणि त्याने त्याच प्रश्नाचे उत्तर दिले.

प्रश्न कसा मांडला गेला

मूत्ररोग तज्ज्ञांनी पूर्वेतिहास नव्याने विचारला. लहानपणी मानेत गाठी आल्या होत्या आणि ‘काही महिने गोळ्या’ घेतल्या होत्या, परंतु त्या कसल्या हे तिला आठवत नव्हते. सासऱ्यांना सुमारे नऊ वर्षांपूर्वी फुफ्फुसाचा क्षय झाला होता आणि तेव्हा ती त्याच घरात होती. लघवीत सातत्याने पू, कल्चर निरंक, आम्लधर्मी लघवी, लहान झालेले मूत्राशय, एका बाजूची फुगलेली मूत्रवाहिनी आणि हा इतिहास, हे सारे एकत्र ठेवले की मूत्रमार्गाच्या क्षयाचा विचार टाळता येत नाही.

क्षयाचे जंतू फुफ्फुसातून रक्तावाटे मूत्रपिंडाच्या बाह्य थरात पोहोचतात आणि तिथे कित्येक वर्षे, कधी कधी दोन-तीन दशके, निद्रिस्त राहू शकतात. पुढे या जंतूंना कोंडून ठेवणारी एखादी दाण्याएवढी गाठ फुटते, संसर्ग आतील थरात उतरतो, मूत्रपिंडातील पॅपिला, म्हणजे लघवी जिथून थेंबाथेंबाने कॅलिक्सच्या पेल्यात पडते ते टोक, कुजू लागते आणि तिथून जंतू लघवीबरोबर खाली मूत्रवाहिनीत व मूत्राशयात जातात. जिथे जातात तिथे आधी व्रण आणि नंतर व्रण भरताना आकसणारी तंतुमय ऊती निर्माण होते. त्यामुळे या रोगाची हानी दोन टप्प्यांत होते, आणि दुसरा टप्पा बरे होण्याचाच भाग असतो. छातीचा एक्स-रे निर्दोष असणे ही या रुग्णांत सामान्य बाब आहे. या महिलेचा एक्स-रेही तसाच होता.

प्रतिजैविकांचा मुद्दा इथेच लक्षात घ्यायला हवा. लेव्होफ्लॉक्सासिन आणि त्याच्या कुळातील औषधे क्षयाच्या जंतूंवरही काही प्रमाणात चालतात. अपुऱ्या दिवसांचा असा कोर्स लक्षणे तात्पुरती दडपतो, लघवीतील जंतूंची संख्या कमी करतो आणि निदान लांबवतो. ‘गोळ्यांनी बरे वाटते’ हा अनुभव म्हणून इथे साध्या संसर्गाचा पुरावा ठरत नव्हता.

तज्ज्ञांनी क्षकिरण विभागाकडे पाठवलेल्या चिठ्ठीवर केवळ ‘आयव्हीपी’ असे न लिहिता, लघवीत जंतूविरहित पू, उजवीकडे सूज, मूत्राशय लहान, क्षयाची शंका, कॅलिक्सची कड आणि मूत्रवाहिनीचे खालचे टोक पाहावे, आवश्यक तेवढे उशिराचे फोटो घ्यावेत, असे लिहिले. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील निर्णायक कृती ही चिठ्ठी होती. आयव्हीपी ही छापील वेळापत्रकाने उरकण्याची तपासणी समजली गेली की ती निरुपयोगी ठरते, आणि तिची आजची बरीचशी बदनामी त्या सवयीतून आली आहे.

आयव्हीपीच का

हा आक्षेप रास्त आहे, आणि विभागातील एका तरुण सहकाऱ्याने तो घेतलाही. आज मूत्रमार्गाच्या सविस्तर चित्रणासाठी सीटी युरोग्राम, म्हणजे कॉन्ट्रास्ट देऊन टप्प्याटप्प्याने केलेला मूत्रमार्गाचा सीटी, ही प्रमाण तपासणी मानली जाते. ती मूत्रपिंडाचा गर, भोवतालच्या गाठी, चुन्याचे सूक्ष्म साठे हे सारे एकाच बैठकीत दाखवते, आणि बहुतेक मोठ्या रुग्णालयांत या महिलेचा सीटी युरोग्रामच झाला असता व त्यातून निदानही झाले असते. तरीही येथे आयव्हीपी निवडण्यामागे तीन कारणे होती. कॅलिक्सच्या कडेवरील अगदी सुरुवातीची झीज दाखवण्यात चांगली आयव्हीपी अजूनही मागे नाही. दुसरे कारण किरणांच्या मात्रेचे होते. आयव्हीपीत ती साधारणतः ३ मिलिसिव्हर्टच्या आसपास राहते, तर तीन टप्प्यांच्या सीटी युरोग्राममध्ये ती याच्या कित्येक पट होते, आणि या तरुण स्त्रीचे उपचारादरम्यान पुन्हा पुन्हा चित्रण करावे लागणार होते. तिसरे कारण पैशांचे होते आणि ते लपवण्याचे काही कारण नाही.

चौथी गोष्ट सांगायची तर ती कारण कमी आणि मत अधिक आहे. सीटीमध्ये उशिराचा प्रत्येक टप्पा म्हणजे किरणांचा आणखी एक मोठा हप्ता असतो, म्हणून तिथे वाट पाहण्याला मर्यादा पडते. आयव्हीपीत एक तास थांबून एकच फोटो घेणे स्वस्तात पडते. अडथळा असलेल्या मूत्रपिंडात कॉन्ट्रास्ट केव्हा आला, कुठवर उतरला आणि केव्हा रिकामा झाला, हे वेळेचे उत्तर इथे आकाराच्या उत्तराइतकेच हवे होते.

तयारी

कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असते. आयोडीनचा अणुक्रमांक ५३ असल्याने ते क्ष-किरण मोठ्या प्रमाणात शोषते आणि फोटोत पांढरे दिसते. शिरेतून दिलेला हा द्राव मूत्रपिंडातून गाळला जातो, पुन्हा शोषला जात नाही, आणि पाणी शोषले जाईल तसा लघवीत दाट होत जातो. म्हणून मूत्रपिंड काम करत असेल तरच चित्र उमटते. तिचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे एकूण काम दाखवणारी रक्ततपासणी) ०.९ होते. हा आकडा दिलासा देणारा असला तरी एक मूत्रपिंड आजारी असताना दुसरे निरोगी मूत्रपिंड काम उचलत असते, त्यामुळे उजव्या मूत्रपिंडाची अवस्था या आकड्यावरून कळत नाही. येथे त्याचा उपयोग कॉन्ट्रास्ट देणे सुरक्षित आहे एवढे ठरवण्यापुरता होता.

पाळीचा आठवा दिवस पाहून तपासणी ठरवण्यात आली, जेणेकरून गर्भधारणेची शंका राहू नये. मधुमेह नव्हता, त्यामुळे मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाचा प्रश्न उद्भवला नाही. मात्र ॲलर्जीविषयी विचारल्यावर तिने सांगितले की झिंगे खाल्ले की अंगावर गांधी उठतात. त्यासरशी सोबत आलेल्या नणंदेने, मग आयोडीनचे इंजेक्शन कसे देणार, असे विचारले. कुणीतरी तिला सांगितले होते की समुद्री अन्नाची ॲलर्जी म्हणजे आयोडीनची ॲलर्जी. हा समज केवळ लोकांमध्ये नाही, वैद्यकीय कर्मचाऱ्यांतही तो खोल रुजलेला आहे. झिंग्याची ॲलर्जी त्यातील प्रथिनांमुळे होते, आयोडीनमुळे नाही. कोणतीही ॲलर्जी असलेल्या व्यक्तीत कॉन्ट्रास्टची प्रतिक्रिया येण्याचा धोका किंचित वाढतो, तेवढाच तो झिंग्यानेही वाढतो. पूर्वी याच प्रकारच्या कॉन्ट्रास्टची प्रतिक्रिया आली असेल तर गोष्ट वेगळी. तिला यापूर्वी कॉन्ट्रास्ट दिलाच गेलेला नव्हता. नॉन-आयोनिक कॉन्ट्रास्ट वापरायचे ठरले आणि अतिरिक्त औषधे देण्याची गरज वाटली नाही. जपानमधील ३ लाखांहून अधिक रुग्णांच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गंभीर प्रतिक्रियांचे प्रमाण जुन्या आयोनिक द्रावांत ०.२२ टक्के, तर नॉन-आयोनिक द्रावांत ०.०४ टक्के आढळले होते. प्रमाण नगण्य असले तरी शून्य नाही. त्यामुळे ॲड्रेनालिन, ऑक्सिजन आणि शिरेतील सुई तपासणी संपेपर्यंत तयार ठेवणे हा नियम कोणत्याही रुग्णासाठी शिथिल केला जात नाही.

पाण्याबाबत येथे विशेष काळजी घ्यावी लागली. पूर्वी आयव्हीपीपूर्वी रुग्णाला रात्रभर पाणीही तोडत असत, कारण लघवी घट्ट असली की जुन्या द्रावाचे चित्र गडद येई. आजच्या द्रावांना त्याची आवश्यकता नाही, आणि कोरड्या पडलेल्या शरीरात कॉन्ट्रास्ट देणे मूत्रपिंडासाठी अपायकारक ठरू शकते. तरीही काही ठिकाणी छापील सूचनापत्रकावर ‘रात्री १० नंतर पाणीही नाही’ हे वाक्य अजून टिकून आहे. नागपूरच्या मे महिन्यात, कुलरची हवा आणि लू यांच्यामध्ये रात्र काढलेल्या माणसाला ही सूचना देणे मला धोक्याचे वाटते. तिला सकाळी उपाशीपोटी येण्यास, मात्र पाणी पिण्यास मोकळीक असल्याचे सांगितले. आदल्या दिवशी डाळी व पालेभाजी टाळून दही-भात खाण्यास आणि रात्री बायसाकोडिलच्या दोन गोळ्या घेण्यास सांगितले, जेणेकरून आतड्यातील वायू व मळाच्या सावल्या मूत्रपिंडावर पडू नयेत. यापेक्षा जोरदार जुलाब देणे या हवेत योग्य नव्हते.

तपासणी

सकाळी साडेआठ वाजता कॉन्ट्रास्टपूर्वीचा साधा फोटो घेण्यात आला. हा फोटो वगळला तर नंतर पांढरा दिसणारा ठिपका चुन्याचा की कॉन्ट्रास्टचा हे सांगता येत नाही, आणि तरीही घाईच्या वेळी सर्वांत आधी वगळला जातो तो हाच. उजव्या मूत्रपिंडाच्या वरच्या भागात अस्पष्ट, धुरकट कडांचे ठिपके दिसले. खड्यासारखी ठळक कड त्यांना नव्हती.

त्यानंतर ४६ किलो वजनाच्या या महिलेला प्रति मिलिलिटर ३०० मिलिग्रॅम आयोडीन असलेला ५० मिलिलिटर द्राव हाताच्या शिरेतून देण्यात आला. अंगातून ऊब सरकत गेल्यासारखे वाटेल, तोंडाला धातूची चव येईल आणि दोन्ही एखाद-दोन मिनिटांत जाईल, हे तंत्रज्ञाने सुई टोचण्यापूर्वीच तिला सांगून ठेवले होते. असे आधी सांगितलेला रुग्ण घाबरत नाही, आणि खरी प्रतिक्रिया व नेहमीची संवेदना यांत गोंधळही होत नाही. पोटावर दाबपट्टा बांधण्यात आला नाही. हा पट्टा मूत्रवाहिन्या वरून दाबून कॅलिक्समध्ये कॉन्ट्रास्ट तुंबवण्यासाठी असतो, परंतु मार्गात अडथळ्याची शंका असताना तो निषिद्ध आहे.

पहिल्या मिनिटाच्या फोटोत दोन्ही मूत्रपिंडांचा गर उजळला. म्हणजे उजव्याला रक्तपुरवठा होता आणि ते गाळण्याचे काम करत होते. पाचव्या मिनिटाला डाव्या बाजूचे कॅलिक्स रेखीव, पेल्यासारखे खोलगट आणि टोकदार कडांचे दिसले. उजवीकडे कॉन्ट्रास्ट नुकता येऊ लागला होता. पंधराव्या मिनिटाला उजव्या बाजूचा वरचा कॅलिक्स भरला, आणि त्याची कड कसर लागलेल्या लोकरी कापडासारखी कुरतडलेली होती. क्षकिरणशास्त्रात हे वर्णन फार जुने आहे आणि मूत्रपिंडाच्या क्षयाची सर्वांत आरंभीची खूण म्हणून ते ओळखले जाते. खालचा कॅलिक्स फुगलेला होता. मधला कॅलिक्स मात्र दिसतच नव्हता, जणू तो या मूत्रपिंडात नव्हताच. मूत्रवाहिनीचा वरचा भाग रुंद दिसत होता, खालचा भाग आतड्याच्या सावल्यांत हरवला होता.

नेहमीच्या क्रमात पंचविसाव्या किंवा तिसाव्या मिनिटाला मूत्राशयाचा फोटो आणि लघवी करून आल्यानंतरचा फोटो घेतला की तपासणी संपते. इथे ती तशी संपवली असती तर अहवालात ‘उजवीकडे सूज, वरच्या कॅलिक्सची कड अनियमित, मूत्रवाहिनीचा खालचा भाग नीट दिसला नाही’ असे लिहावे लागले असते, आणि सोनोग्राफीच्या अहवालांत आणखी एका अर्धवट अहवालाची भर पडली असती.

पस्तिसाव्या मिनिटाला तंत्रज्ञाने तिला पालथे झोपवून फोटो घेतला. कॉन्ट्रास्ट लघवीपेक्षा जड असतो. उताणे झोपलेल्या माणसात तो मूत्रपिंडाच्या मागच्या भागात साचून राहतो, आणि पालथे केले की मूत्रवाहिनीकडे उतरतो. या साध्या युक्तीने मूत्रवाहिनी कमरेच्या हाडापर्यंत दिसली. नंतर तिला पाणी देऊन मार्गिकेत फिरायला सांगितले गेले. एका तासाच्या फोटोत मूत्रवाहिनी संपूर्ण लांबीत भरली. ती एकसारखी फुगलेली नव्हती. तिच्यात आळीपाळीने अरुंद आणि रुंद भाग होते, आणि मूत्राशयात शिरण्यापूर्वी ती सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत दोऱ्याएवढी बारीक झाली होती. मूत्रवाहिनी स्वभावतः ज्या तीन ठिकाणी अरुंद असते त्यांतील शेवटचे ठिकाण म्हणजे मूत्राशयात प्रवेश करण्याची जागा, आणि क्षयातील आकुंचनही बहुधा तिथेच आढळते. खड्यामुळे अडथळा झाला असता तर वरचा भाग एकसंध फुगला असता आणि शेवटी खड्याची सावली किंवा कडेची सूज दिसली असती. अधूनमधून असलेली ही आकुंचने खड्याने होत नाहीत.

लघवी करण्याआधीच्या फोटोत मूत्राशय लहान, गोलसर आणि जाड भिंतीचे होते. इतक्या भरावर तिला ते असह्य होत होते. लघवीनंतर मूत्राशय रिकामे झाले, परंतु उजवी मूत्रवाहिनी भरलेलीच राहिली.

तीन तासांनंतर, दुपारी पावणेबाराच्या सुमारास, आणखी एक फोटो घेण्यात आला. डावे मूत्रपिंड तोवर जवळजवळ रिकामे झाले होते. उजवीकडे, जिथे सकाळी मधला कॅलिक्स दिसत नव्हता, तिथे फिकट, गोल, तोंड बंद असलेला एक कप्पा उमटला होता. कॅलिक्स नाहीसा झाला नव्हता. त्याची मान आकसल्यामुळे त्यात कॉन्ट्रास्ट शिरायला तीन तास लागले होते आणि बाहेर पडायला वाट नव्हती. या फोटोने उपचारांचा क्रम बदलला, कारण अशा बंद कप्प्यात औषध पोहोचले तरी पू आणि मृत ऊती साचून राहू शकतात आणि बरे होताना तो कायमचा बंद होण्याची शक्यता मोठी असते.

जंतूंचा शोध

चित्र कितीही बोलके असले तरी क्षयाचे उपचार चित्रावर सुरू करणे योग्य नाही, हे मूत्ररोग तज्ज्ञांचे मत होते आणि ते बरोबर होते. शेवटचा लेव्होफ्लॉक्सासिनचा कोर्स संपून तीन आठवडे झाले होते, म्हणून लागोपाठ पाच दिवस सकाळच्या पहिल्या लघवीचे नमुने घेण्यात आले. लघवीत हे जंतू सतत उतरत नाहीत, म्हणून एका नमुन्याच्या निरंक अहवालाला फारसा अर्थ नसतो. सीबीनॅट या क्षयजंतूंची जनुके शोधणाऱ्या चाचणीत पहिला नमुना निरंक आला, दुसऱ्यात क्षयाचे जंतू सापडले आणि ते रिफाम्पिसिन या क्षयाच्या प्रमुख औषधाला दाद देणारे होते. कल्चरचा अहवाल नंतर काही आठवड्यांनी आला व त्याने त्याला दुजोरा दिला. भारतात २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद करणे बंधनकारक आहे. त्यानुसार क्षयरुग्णांच्या नोंदीच्या शासकीय नि-क्षय प्रणालीत नोंद होऊन शासकीय कार्यक्रमातून औषधे सुरू झाली: पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने तीन. पती आणि दोन मुलांची तपासणी झाली. स्त्रीरोग तज्ज्ञांचाही सल्ला घेण्यात आला, कारण स्त्रियांत जननेंद्रियांचा क्षय सोबत असू शकतो. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, म्हणून पर्यायी साधनाविषयी तिला सांगण्यात आले. औषधांच्या तिसऱ्या दिवशी तिच्या पतीचा घाबरून फोन आला: “लघवी लालसर होऊन रायली, रक्त तर नाही ना जात?” रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते हे तिला सांगितले होते, घरच्यांना कोणी सांगितले नव्हते.

खालून घेतलेले चित्र

औषधे सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच भूल देऊन मूत्राशयाची दुर्बिणीतून तपासणी आणि उजव्या बाजूचा आरजीपी, म्हणजे रेट्रोग्रेड पायलोग्राम, करण्यात आला. यात कॉन्ट्रास्ट मूत्राशयातून मूत्रवाहिनीच्या तोंडात बारीक नळीने वर सोडतात, त्यामुळे मूत्रपिंड किती काम करते यावर चित्र अवलंबून राहत नाही. ही पद्धत आयव्हीपीहून जुनी आहे. १९०६ साली जर्मनीत फोएल्कर आणि लिख्टेनबर्ग यांनी चांदीचा द्राव वापरून ती प्रथम केली. चांदीचा तो द्राव अपायकारक होता आणि दुर्बिणीशिवाय चित्र मिळत नव्हते. पुढे १९२९ मध्ये बर्लिन येथे, त्याच लिख्टेनबर्ग यांच्या विभागात, मोझेस स्विक या अमेरिकी डॉक्टरांनी आयोडीनयुक्त संयुग शिरेतून देऊन मूत्रमार्गाचे उपयोगी चित्र मिळवून दाखवले. लिख्टेनबर्ग या एकाच नावाशी जोडलेल्या या दोन पद्धती सुमारे शंभर वर्षांनंतरही एकमेकींची जागा घेत नाहीत. आयव्हीपी मूत्रपिंडाचे काम आणि निचऱ्याची वेळ सांगते, आरजीपी अडथळ्याच्या खालचे टोक आणि त्याची नेमकी लांबी सांगतो.

दुर्बिणीतून मूत्राशयाची भिंत लाल आणि दाणेदार दिसली, उजवे तोंड सुजेत जवळजवळ झाकले गेले होते. भूल असतानाही मूत्राशयात १८० मिलिलिटरपेक्षा जास्त द्राव मावत नव्हता. आरजीपीत खालचे आकुंचन दोन सेंटिमीटरचे निघाले आणि त्यातून तार वर गेली, म्हणून त्याच बैठकीत डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी आतली बारीक नळी, बसवण्यात आला. तार गेली नसती तर कुशीतून मूत्रपिंडात नळी घालावी लागली असती. मधल्या कॅलिक्सच्या मानेतून कॉन्ट्रास्ट आत गेला नाही.

स्टेंट औषधांच्या परिणामाची वाट न पाहता बसवला गेला, आणि हे बऱ्याच नातेवाइकांना उलटे वाटते. औषधांनी रोग बरा होणार असेल तर नळी कशाला, असा तिच्या सासूबाईंचा प्रश्न होता. त्याचे उत्तर या रोगाच्या स्वभावात आहे. उपचारांच्या पहिल्या काही महिन्यांतच व्रण भरून येतात आणि तंतुमय ऊती आकसते, त्यामुळे लक्षणे कमी होत असताना मूत्रवाहिनी मात्र अधिक अरुंद होऊ शकते. जंतू मेले आणि मूत्रपिंडही गेले, असे होऊ नये म्हणून चित्रण उपचारांच्या काळातच पुन्हा करावे लागते. या काळात सहाव्या आठवड्याला सोनोग्राफी आणि तिसऱ्या महिन्यात मर्यादित आयव्हीपी करण्यात आली. त्यात साधा, पंधराव्या मिनिटाचा आणि लघवीनंतरचा असे तीनच फोटो होते. प्रश्न आता अरुंद होता, म्हणून फोटोही कमी पुरले.

तिसऱ्या महिन्याच्या फोटोत वरच्या कॅलिक्सची कड गुळगुळीत झाली होती, परंतु त्याचा आकार आक्रसला होता. मधला कॅलिक्स भरला नाही. त्या वेळी स्टेंट बदलला, आणि आरजीपीत खालचे आकुंचन जवळपास निम्म्या लांबीचे दिसले. सहा महिन्यांनी औषधे पूर्ण झाल्यावर स्टेंट काढला आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मर्यादित आयव्हीपी केली. विसाव्या मिनिटाला उजवी मूत्रवाहिनी भरली आणि लघवीनंतरच्या फोटोत ती बऱ्याच अंशी रिकामी झाली होती. मूत्रवाहिनी कापून मूत्राशयात नव्याने जोडण्याची शस्त्रक्रिया त्यामुळे तूर्त टळली.

डीएमएसए स्कॅनमध्ये (प्रत्येक मूत्रपिंडाच्या कामाचा वाटा मोजणाऱ्या तपासणीत) एकूण कामातील उजव्या मूत्रपिंडाचा वाटा ३९ टक्के आढळला. मधल्या भागातील गर गेलेला आहे आणि तो परत येणार नाही, हे तिला व तिच्या पतीला चित्र दाखवून सांगण्यात आले. मूत्राशयाची क्षमता वाढून सुमारे २२० मिलिलिटरवर आली आहे. रात्री आता दोनदा उठावे लागते. मूत्राशयाची क्षमता यापुढे घटू लागली तर आतड्याचा भाग जोडून मूत्राशय मोठे करण्याचा विचार करावा लागेल, आणि तो निर्णय लघवीच्या नोंदवहीवर व वार्षिक तपासणीवर घेतला जाईल. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी, लघवीत पुन्हा पू दिसल्यास प्रतिजैविकांआधी क्षयाचे नमुने, आणि सोनोग्राफीत उजवी मूत्रवाहिनी पुन्हा फुगलेली आढळली तरच पुढची आयव्हीपी, असा क्रम तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून दिला आहे.